कोळशात फ्रॅकिंग: छिद्रं उघडतात की बुजतात?

खाडीकाठ_ठाणे: पाइप गॅसच्या बिलावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालेला वाद घसरत घसरत कोळशातल्या मिथेनवर गेला. एकजण ठासून सांगतोय, "दाबाने पाणी मारलं की कोळशाची छिद्रं मोठी होतात आणि गॅस सुटतो." मला हे साफ अमान्य. हा मिथेन बहुतांशी 2 नॅनोमीटरपेक्षा बारीक छिद्रांच्या भिंतींना चिकटलेला असतो. फ्रॅकिंगमध्ये, म्हणजे दाबाच्या पाण्याने थर फोडताना, भेगा उघड्या राहाव्यात म्हणून जी वाळू कोंबतात, तिचा कण साधारण अर्धा मिलिमीटर. ती तिथे शिरणार कशी? छिद्रं आहेत तशीच राहतात. दगडी कोळशाचं ढेकूळ बघा, त्यात एकमेकींना काटकोनात उभ्या चिरा असतात, ठोकलं तर चौकोनी तुकडे पडतात. या चिरा म्हणजे क्लीट. फ्रॅकिंगने विहिरीपासून त्यांच्यापर्यंत वाट होते, बाकी काही नाही.

पनवेलकर: वाळू जात नाही हो, पण पाणी जातं ना! पाणी पिऊन कोळसा आणि त्यातली माती फुगते, क्लीट आवळतात. वाळू वाहून न्यायला पाण्यात गवारीच्या डिंकाचं जेल घालतात, त्याचा गाळ चिरांत अडकतो. वर कोळशाची भुकटी. विहिरीतून परत येणारं पाणी काळंकुट्ट असतं ते उगाच नाही. शिवाय मोठी भेग फाकते तेव्हा शेजारच्या चिरा दाबल्या जातात, त्याचं काय? दार उघडायला गेले आणि खिडक्या लिंपून आले, असा प्रकार.

खाडीकाठ_ठाणे: जेल तोडायला एन्झाइम असतात. नायट्रोजनचा फेस वापरला तर पाणीही कमी लागतं. आणि गॅस निघून गेला की कोळसा आकसतो, क्लीट रुंद होतात. म्हणजे तुमचं नुकसान पुढे थोडंफार भरून निघतं.

पनवेलकर: आकसतो, मान्य. पण त्याच वेळी आतला दाब उतरतो आणि वरच्या खडकाचा भार चिरांवर येतो. कुठलं पारडं जड, ते त्या-त्या थरावर.

सानपाडा_फास्ट: तुमचं नॅनोमीटर चालू द्या. गॅस सुटायला थरातला दाब उतरवायचा, म्हणजे आधी तिथलं पाणी उपसायचं, महिनोन्‌महिने. ते बऱ्याचदा खारट असतं. बंगालमधल्या राणीगंजला, मध्य प्रदेशातल्या सोहागपूरला हे धंदे चालतात. उद्या वर्धा खोऱ्यात आले तर शेतकऱ्याने ते पाणी कुठे सोडू द्यायचं? इथे ठाण्यात शेगडी पेटवताना कोणी विचारतं का?

खाडीकाठ_ठाणे: रास्त प्रश्न. पण फ्रॅक न करताही पाणी उपसावंच लागतं.

पनवेलकर: मुद्दा तोच! क्लीट मुळात मोकळ्या असतील तिथे फ्रॅक कशाला? थरातून आडवी विहीर न्या. तशीही मऊ कोळशात वाळू भिंतीत रुतते आणि भेग पुन्हा मिटत जाते.

खाडीकाठ_ठाणे: मऊ कोळशात तुमची आडवी विहीर ढासळते, साहेब. तिला टेकू कशाचा देणार ते सांगा.