राफेल १,६०० कोटी, तेजस ६०० कोटी: हे भाव काढतात तरी कसे?

पंचवटीकर:
मंडळी, एक शंका आहे, राजकारण नको प्लीज (माहितीये, होणारच). काल जेवताना बाबांशी वाजलं. त्यांचं म्हणणं आपण राफेल लढाऊ विमानांसाठी फ्रान्सला सोन्याच्या भावाने पैसे मोजले, माझं म्हणणं तुम्ही विमानाचा भाव बटाट्यासारखा काढताय. मग मी कागद-पेन घेऊन बसलो आणि माझंच डोकं फिरलं.

२०१६ ला ३६ राफेल साधारण ५९,००० कोटीला, म्हणजे एक पडलं १,६४० ला. एप्रिल २०२५ मधे नौदलासाठी २६ राफेल मरीन साधारण ६३,००० कोटी, म्हणजे एक २,४०० च्या वर! आमच्या नाशिकजवळच्या ओझरला बनणारं सुखोई, डिसेंबर २०२४ ची १२ विमानांची ऑर्डर १३,५०० कोटी, म्हणजे एक सव्वाअकराशे कोटी. तेजस मार्क १ए मात्र २०२१ ला ८३ घेतली तेव्हा ५६५ च्या आसपास आणि सप्टेंबर २०२५ ला ९७ घेतली तेव्हा ६४०.

आता सांगा, सुखोई इतकी वर्षं इथेच बनतंय तर ते तेजसच्या जवळजवळ दुप्पट कसं? आणि राफेल नऊ वर्षांत दीडपट? बाबा म्हणतात मधे कोणीतरी खाल्ले, विषय संपला.

हिशोबनीस:
भागाकार बरोबर आहे तुमचा, भाज्य चुकलंय.

२०१६ चा करार ७८७ कोटी युरोचा होता. त्यात नुसती विमानं निम्म्याहून कमी रकमेची, साधारण साडेतीनशे कोटी युरोच्या आत-बाहेर. उरलेल्यात सुटे भाग, मीटिऑर आणि स्काल्प क्षेपणास्त्रं, भारतासाठी खास करून घेतलेले १३ बदल (लेहसारख्या उंच थंड ठिकाणी इंजिन सुरू व्हायला पाहिजे वगैरे), शिवाय पाच वर्षं ७५ टक्के विमानं कायम उडण्याजोगी ठेवायची हमी. म्हणजे एक बिल्डर कार्पेटचा रेट सांगतोय आणि दुसरा पार्किंग, सोसायटी, मॉड्युलर किचन सगळं धरून सांगतोय, आणि आपण दोघांना फुटाने भागतोय.

२०१८-१९ ला सगळं राजकारण ह्याच गोंधळावर झालं. काँग्रेस म्हणायची आमच्या वेळी ५२६ कोटीला मिळत होतं, तुम्ही १,६७० ला घेतलं. सरकार म्हणायचं गोपनीयतेचा करार आहे, आकडे देता येत नाहीत. फेब्रुवारी २०१९ ला कॅगचा (सरकारी खर्च तपासणारी यंत्रणा) रिपोर्ट आला त्यात किमती चक्क झाकलेल्या, फक्त एवढंच की २००७ च्या जुन्या टेंडरमधल्या ऑफरपेक्षा एकूण २.८६ टक्के स्वस्त. आता मूळ आकडेच न दाखवता टक्केवारी दाखवली तर ज्याला जे मानायचं ते तो मानणारच ना! सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ ला चौकशीच्या याचिका फेटाळल्या, २०१९ ला फेरविचारही फेटाळला, तर २०२१ ला फ्रान्समधे न्यायालयीन चौकशी सुरू झाली. तेव्हा बाबांचा मुद्दा मी मोडीत काढत नाही, पण दीडपट वाढीचं कारण ते नाही.

ते कारण आहे रुपया. २०१६ ला युरो ७५ च्या आसपास होता, २०२५ च्या एप्रिलमधे ९७ च्या आसपास. युरोत मोजलं तर विमानामागे पॅकेज साधारण २२ कोटीवरून २५ कोटी युरो झालंय, म्हणजे वाढ १४-१५ टक्के फक्त. बाकीची वाढ आपल्या खिशाला पडलेलं भोक. आणि नौदलाच्या करारात सिम्युलेटर, ट्रेनिंग, हत्यारं आहेतच, वर हवाईदलाच्या जुन्या राफेलसाठीचं काही सामानही त्यातच आहे. ते कुठल्या २६ ने भागणार?

लेथवाला:
सुखोईचं मी सांगतो. माझं सातपूरला छोटं वर्कशॉप आहे, विमानाचं काम मी करत नाही पण गणित तेच आहे. मला कोणी १,२०० नगांचं जॉबवर्क दिलं तर सेटिंग एकदा लावायचं, फिक्श्चर एकदा बनवायचं, पहिले दहा-वीस नग रिजेक्ट गेले तरी पुढे हात बसतो. तेच काम कोणी चार वर्षांनी येऊन १२ नगांचं मागितलं तर फिक्श्चर गंजलेलं, ज्या पोराला ते जमत होतं तो चाकणला गेलेला, मटेरियलवाला म्हणतो एवढं थोडं मी देतच नाही. मग नगाचा रेट मी दुप्पट लावतो आणि गिऱ्हाईक म्हणतं लुटतोय.

ओझरला २२२ सुखोई बनली, मग ऑर्डर संपली, आणि आता अपघातात गेलेल्यांच्या जागी १२. मग रेट काय पडणार? शिवाय सुखोई दोन इंजिनांचं धूड आहे आणि तेजस एका इंजिनाचं, दुप्पट म्हणून फार दचकू नका.

तेजसचंही तसंच झालं. त्याची अमेरिकन ४०४ इंजिनं ९९ मागवली ऑगस्ट २०२१ ला आणि पहिलं हातात आलं मार्च २०२५ ला, कारण अमेरिकेत ती लाईनच बंद पडलेली, पुन्हा उभी करावी लागली. इकडे सांगाडे तयार आणि इंजिन नाही. हवाईदलप्रमुख फेब्रुवारी २०२५ ला बंगळुरूच्या एअर शोमधे एचएएलवर (ही विमानं बनवणारी सरकारी कंपनी) उघड नाराज झाले ते उगाच नाही. आता ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून पहिलं तेजस मार्क १ए उडालं. नाशिकच्या लाईनची क्षमता वर्षाला ८. पुन्हा मधेच ऑर्डर तुटली नाही म्हणजे मिळवलं.

मिसिसागाकर:
हे सगळं फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. इथे कॅनडात २०१० ला अमेरिकेची ६५ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं जाहीर झालं, आकडा सांगितला ९ अब्ज कॅनेडियन डॉलर. विरोधक म्हणाले पूर्ण खर्च दाखवा, सरकारने नीट दाखवला नाही, आणि २०११ ला ते संसदेचा अवमान केल्याच्या ठपक्यावर पडलं, त्या ठपक्यात ही विमानंही होती (गंमत म्हणजे लगेच निवडणुकीत तेच बहुमताने परत आले). २०१५ ला ट्रूडो प्रचारात म्हणाले एफ-३५ घेणारच नाही. मग विमानं जुनी होत गेली म्हणून ऑस्ट्रेलियाची वापरलेली एफ-१८ आणली, आणि जानेवारी २०२३ ला त्याच ट्रूडोंच्या सरकारने ८८ एफ-३५ घ्यायचं ठरवलं, १९ अब्ज. जून २०२५ च्या ऑडिटमधे ते २७.७ अब्ज झालं, त्यात हत्यारं आणि तळावरची काही कामं धरलेली नाहीत, त्याचे ५.५ वेगळे. आणि त्याआधीच ट्रम्पवर चिडून नव्या पंतप्रधानांनी फेरविचार करायला सांगितलेला. आमच्या ऑफिसात यावर भांडणं होतात, मी डबा उघडून ऐकत बसतो.

वास्कोकार:
२०२२ च्या जानेवारीत राफेल मरीनची चाचणी आमच्याकडे गोव्यात नौदलाच्या हंसा तळावर झाली, मागोमाग अमेरिकेचं सुपर हॉर्नेट विमानही आलं. दाबोळीला राहणाऱ्यांना आवाज नवा नाही, पण ते वेगळंच होतं.

दराचं सोडा, मला दुसरंच खटकतं. २००७ ला १२६ विमानांचं टेंडर काढलं, २०१२ ला राफेल निवडलं, मग तीन वर्षं एचएएलने बनवलेल्या विमानांची जबाबदारी कोणाची आणि मजुरीचे तास किती यावर घासाघीस. २०१५ ला पंतप्रधानांनी पॅरिसमधे एकदम ३६ जाहीर केली आणि २०१६ ला भाईंनी, म्हणजे पर्रीकरांनी, करारावर सही केली. उरलेली ९० कुठे गेली? ती ११४ होऊन २०१८ ला परत कागदावर आली. दरम्यान २६ सप्टेंबर २०२५ ला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली, मंजूर ४२ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) आणि तेव्हा हातात २९. २०१५ ला जी घेतली नाहीत ती आता महागलेल्या युरोने घ्यायची.

पंचवटीकर:
धन्यवाद सगळ्यांना. बाबांना सगळं वाचून दाखवलं. लेथवाल्या काकांचं पटलं, युरोचं अर्धं पटलं, आणि कॅनडाचं ऐकून म्हणाले, "म्हणजे तिकडेही खातात तर." आता विचारतायत की मग ऑफसेटचं (विकणाऱ्याने कराराच्या रकमेतला काही भाग भारतातच गुंतवायची अट) काय, नागपूरला मिहानमधे नक्की बनतं काय?

हिशोबनीस:
अख्खं राफेल नाही बनत, मुख्यतः फाल्कन बिझनेस जेटचे भाग बनतात. बाकी ऑफसेटसाठी वेगळा धागा काढा राव, इथे सुरू केलं तर बाबा रात्रभर झोपणार नाहीत.