हातावरच्या कातडीचा कडकपणा मोजतोय, एकाच जागेचे तीन वेळा तीन आकडे येतायत

खोडरबर:
एमटेक बायोमेडिकल, दुसरं वर्ष. प्रोजेक्ट भाजल्याच्या व्रणांवर आहे, व्रण किती कडक ते शिअर वेव्ह इलास्टोग्राफीने मोजायचं (सोनोग्राफीच्याच जातीचं मशीन, कातडीत लहर सोडून कडकपणा काढतं). पेशंट घ्यायच्या आधी स्वतःच्याच हातावर करून बघतोय. मनगटापासून चार बोटं वर पेनाने खूण केलीय, प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) तिथेच ठेवतो, तरी कडकपणा आधी १८ किलोपास्कल, मग ४१, मग २५. सर म्हणाले सरासरी घे आणि पुढे चल. मला काही ते पटेना. मशीन रेडिओलॉजीचं आहे, दुपारी पेशंट संपले की जेमतेम अर्धा तास मिळतो.

सोनोवाली:
दाबतोयस. नव्याण्णव टक्के हेच. कातडी दाबली की कडक होते, आणि हात अवघडला की आपण दाबतोय हे कळतही नाही. जेल नुसतं फासू नकोस, श्रीखंडासारखा जाड थर घाल, स्क्रीनवर प्रोब आणि कातडीच्या मध्ये काळा पट्टा दिसला पाहिजे, तो गायब झाला की समज टेकलास. कोपर टेबलावर टेकव, करंगळी बाजूला टेकव आणि प्रोब जेलवर तरंगत ठेव. आणि मनगट दर वेळी सारखंच ठेवतोस का? वाकवलं की वरची कातडी ताणली जाते. तबल्याचे गठ्ठे ठोकले की सूर चढतो ना, तसंच.

लाटालहरी:
ताई बरोबर सांगतायत, पण मुळात मशीन किलोपास्कल मोजतच नाही रे, ते आडव्या लहरीचा वेग मोजतं, मग त्याचा वर्ग करून घनतेने आणि ३ ने गुणतं. घनता १००० किलो प्रति घनमीटर धर. तुझे १८ म्हणजे साधारण २.५ मीटर प्रति सेकंद आणि ४१ म्हणजे ३.७. म्हणजे वेग दीडपट झाला तर आकडा सव्वादोनपट दिसतो, म्हणून एवढी उडी.

दुसरं म्हणजे ते सूत्र यकृतासारख्या जाडजूड, सगळीकडे सारख्या अवयवाचं आहे. लहर ३ मीटर प्रति सेकंदाने आणि ३०० हर्ट्झने गेली तर तिची लांबी १० मिलिमीटर, आणि हाताची कातडी फार तर दीड-दोन मिलिमीटर. लहर मावतच नाही, ती पातळ पत्र्यात पळावी तशी कातडीतून पळते, खाली चरबी, वर जेल, सगळ्यांचा परिणाम वेगावर होतो. थीसिसमध्ये वेग लिही. किलोपास्कल लिहिलेस आणि परीक्षकाने लांबी-जाडीचं विचारलं तर अडकशील.

खोडरबर:
ताई, आज जेलचा डोंगर केला (सिस्टर ओरडल्या, अर्धी बाटली संपली). वेग २.४, २.६, २.५ मीटर प्रति सेकंद! पण प्रोब ९० अंशांत फिरवला तर ३.१ येतंय. परत काय चुकलं?

लाटालहरी:
काही नाही चुकलं. कातडीतले कोलॅजनचे (कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) धागे एका दिशेने जास्त ओढलेले असतात. व्हिएन्नात कार्ल लँगरने १८६१ मध्ये छापलंय हे, त्याने प्रेतांना गोल टोच्याने भोकं पाडली तर भोकं गोल न राहता लांबट झाली. सर्जन अजूनही त्या रेषा बघून चिरे घेतात. तू दोन्ही दिशांचे आकडे वेगळे लिही, सरासरी अजिबात नको. व्रणात धागे कुठल्या दिशेला गेलेत याचा भरवसा नाही, म्हणून दुसऱ्या हाताची तीच जागा तुलनेला घे.

गोळीघे:
आईला स्क्लेरोडर्मा आहे (कातडी जाड आणि कडक होत जाण्याचा आजार), तिचे डॉक्टर नुसती चिमटीत धरून बघतात, १७ जागा, प्रत्येकी ० ते ३ मार्क, एकूण ५१. ते मग बिनकामाचं का?

सोनोवाली:
अजिबात नाही, जगभर तेच वापरतात, रॉडनन स्कोअर म्हणतात त्याला. फक्त डॉक्टर बदलला की मार्क थोडे हलतात.

खोडरबर:
एक छोटा पोर्टेबल प्रोब मागवून हॉस्टेलवरच केलं तर? अर्धा तास पुरत नाही.

सोनोवाली:
वेडा आहेस का, पीसीपीएनडीटी, गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा! प्रोब खिशात मावणारा असला तरी नोंदणी लागते, हॉस्टेलवर सापडला तर प्रोजेक्ट राहील बाजूला. दुपारचा अर्धा तासच वापर, आणि जेल स्वतःचं ने.