चिऱ्याचं घर, १०० चा प्लॅन: राऊटर मीडियाटेकचा घेऊ की क्वालकॉमचा?

पडवीतला_नेटवाला
नमस्कार मंडळी. देवगडजवळ जुनं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. फायबर पडवीपर्यंत आलाय, १०० एमबीपीएसचा प्लॅन. कनेक्शनसोबत मिळालेला डबा पडवीत झकास चालतो पण माजघर ओलांडलं की ५ गिगाहर्ट्झ गायब, आणि मागच्या खोलीत जिथे मी वर्क फ्रॉम होम करतो तिथून मीटिंगमध्ये माझा आवाज रोबोटसारखा येतो म्हणे. स्वतःचा राऊटर घ्यावा म्हणून दोन दिवस वाचतोय आणि डोकं फिरलंय, कोणी म्हणतं आतली चिप क्वालकॉमचीच घे रेंज जास्त, कोणी म्हणतं ब्रॉडकॉमसारखं स्टेबल काही नाही, मीडियाटेक म्हणजे स्वस्तातला माल. बजेट ३-४ हजार. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरचं मूळ सॉफ्टवेअर काढून टाकायचं लिनक्सवालं फुकट सॉफ्टवेअर) टाकून बघायची खाजही आहे. टीपी-लिंकचा आर्चर सी६ बघितला तर एका ठिकाणी क्वालकॉम लिहिलंय, दुसरीकडे मीडियाटेक. खरं काय?

कौलावरचा_अँटेना
दोन्ही खरं. सी६ च्या व्ही२ मध्ये क्वालकॉमची क्यूसीए९५६३, एकच कोर, ७७५ मेगाहर्ट्झ. व्ही३ मध्ये मीडियाटेक एमटी७६२१, दोन कोर, ८८० मेगाहर्ट्झ. नाव तेच, आतला माल वेगळा. हे जुनंच आहे, लिंक्सिसचा तो निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी (ओपनडब्ल्यूआरटीतलं डब्ल्यूआरटी त्याच्यावरूनच), त्याच्या व्ही५ ला फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) २ एमबी आणि रॅम ८ एमबीवर आणली आणि लिनक्सच काढून टाकलं. म्हणून दुकानात खोका उलटा करून स्टिकरवरचं व्हर्जन वाच, ऑनलाइन घेतलास तर लॉटरी.

मीडियाटेक वाईट हे मत जुन्या काळातलं. २०११ साली मीडियाटेकने रॅलिंक ही वायफाय चिपवाली कंपनी घेतली, त्याच साली क्वालकॉमने तशीच अथेरॉस. रॅलिंकच्या ड्रायव्हरला (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) तेव्हा लोक शिव्या घालायचे, अथेरॉसवाले कॉलर ताठ करून फिरायचे, ते अजून चालूच आहे. आज मीडियाटेकचा एमटी७६ ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे आणि ओपनडब्ल्यूआरटीवर छान चालतो. ब्रॉडकॉमचं वायफाय मात्र त्यासाठी विसर, ड्रायव्हर बंद पेटीत, कोड खुला नाही. बजेट थोडं ताणलंस तर फिलॉजिक ८२० वाला बघ, म्हणजे एमटी७९८१, वायफाय ६, दोन एआरएम कोर १.३ गिगाहर्ट्झ.

खळ्यातलो_कोंबो
अरे बाबा, तुझ्या चिऱ्याच्या भिंतीक खयचो चिपसेट काय करतलो? जाड भिंत, त्यात पावसात चिरा पाणी पितो, २.४ कसंबसं जातं, ५ तिथेच मरतं. सिग्नलच्या पॉवरला सरकारी मर्यादा आहे, ती चिप बघून बदलत नाही. मी मालवणला चार शिंगांचा महागडा राऊटर आणला होता, माजघरात मोबाईलवर कांड्या फुल, पण फोटो जाईना. राऊटर ओरडतो ते फोनला ऐकू येतं रे, फोनचा बारीक आवाज परत कसा पोचणार?

शेवटी वाशांच्या कडेने कॅट६ नेटवर्क वायर ओढली आणि मागच्या खोलीत जुना साधा राऊटर ॲक्सेस पॉइंट (वायरवरून आलेलं नेट नुसतं वायफायवर देणारा) करून लावला, त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणं) बंद करून, वायर लॅन पोर्टमध्ये (वॅनमध्ये नको, मी तिथेच एक रविवार घालवला). पहिली वायर उंदरांनी खाल्ली, दुसरी पाइपातून घातली. आणि खळ्यातून मांगरापर्यंत (बाहेरच्या शेडपर्यंत) उघडी वायर नेऊ नकोस. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही, पण तांब्याची वायर मे महिन्याच्या गडगडाटात पोर्ट जाळते, आमच्या शेजाऱ्याचा गेला.

कौलावरचा_अँटेना
कोंबोदादा बरोबर. पण आधी लॅपटॉप पडवीत वायरने लावून एक मीटिंग कर. तरी रोबोट असेल तर दोष वायफायचा नाही, कोणीतरी घरात व्हिडिओ अपलोड करत असेल आणि लाइन तुंबत असेल. त्यावर एसक्यूएम (राऊटरमधली रांग सांभाळणारी सोय, मीटिंगला वाट मिळते) हा उपाय, आणि खरं तर प्रोसेसर तिथे लागतो, कारण तेव्हा हार्डवेअर ऑफलोड (डेटा प्रोसेसरला वगळून पुढे ढकलणं) बंद ठेवावं लागतं. नाहीतर १०० च्या प्लॅनला यातली कुठलीही चिप पुरते. आणि २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ, ४० नको.

पडवीतला_नेटवाला
केलं. वायरवर आवाज एकदम साफ, म्हणजे भिंतच. मग सी६ व्ही३ मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट, ओपनडब्ल्यूआरटीची खाज त्याच्यावरच भागवतो. गणपतीला भाऊ मुंबईहून येतोय, त्यालाच माळ्यावर चढवतो. दादा, पाइप किती इंची घेतलात?

खळ्यातलो_कोंबो
पाऊण इंची. कोपऱ्यावर एल्बो नको, बेंड घे, नायतर वायर सरकाची नाय. आणि भावाक आधी मोदक घाल, मगे चढव.