‘डिस्क म्हणजे लोखंड, ते काय संपतं?’ – या सल्ल्याला उत्तर

म्हापशेकर
परवाची ‘बार्देशकर’ यांची पोस्ट वाचून डोकं उठलं. गाडी 2007 ची, पुढचे ब्रेक पॅड संपले, गॅरेजवाल्याने डिस्कही (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला चिमटतात ती चकती) बदला म्हटलं. यांनी त्याला लुटारू ठरवलं, नुसते पॅड घातले आणि वर गावाला उपदेश: ‘डिस्क म्हणजे लोखंड, ते काय संपतं? जुन्या गाडीवर पैसे ओतू नका.’

अहो, संपतं! डिस्कवर बारीक अक्षरांत किमान जाडी कोरलेली असते. छोट्या गाड्यांत नवी डिस्क आणि तो आकडा यांत साधारण दोन मिलिमीटरचा फरक, बस. आणि मोजायचं तर नीट मोजा. बाहेरच्या काठाला जिथे पॅड पोचत नाही तिथे गंजाची कड उभी राहते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि झिजून पापड झालेली डिस्कही जाड भरते. दोन्ही अंगांना एकेक नाणं आत सरकवून मोजा, नाण्यांची जाडी वजा करा. मग कोण लुटारू ते ठरवा.

चर पडलेल्या डिस्कवर नवे सपाट पॅड घातले की सुरुवातीला ते उंचवट्यांवरच टेकतात. ब्रेक लागतो, पण नेहमीपेक्षा उशिरा. आपल्याकडे समोरून काय येईल याचा नेम नाही. गाय, पर्यटक, किंवा दोन्ही.

बार्देशकर
माझं नाव घेऊन धागा काढलात, धन्यवाद. आता माझंही ऐका. त्या गॅरेजवाल्याने व्हर्निअर हातात धरलासुद्धा नाही. चाक काढलं, च्यक् केलं, म्हणाला, ‘गेली’. मी त्याला विचारलं, किती गेली? तर म्हणतो, ‘साहेब, दिसतंय ना.’ 15 वर्षं भरली म्हणून नोंदणी नूतनीकरणाला 5000 भरलेत, 2022 च्या एप्रिलच्या आधी ते 600 होते. टायर झाले, बॅटरी झाली. प्रत्येकाला ‘दिसतंय’ म्हणून पैसे देत बसलो तर गाडी विकून ब्रेक घ्यावे लागतील.

तारवटी_मोरजी
आमची रड वेगळीच. मी महिनोन्‌महिने बोटीवर, गाडी दारात, समुद्र हाकेच्या अंतरावर. परत येऊन बघतो तर डिस्क विटेसारखी लाल आणि पॅड जिथे टेकून राहिला तिथे त्याचा काळा छाप. वरचा गंज दहा-वीस ब्रेकात निघून जातो, तो छाप जात नाही. झाराप–पत्रादेवीच्या रस्त्यावर जरा वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्कमध्ये भरपूर जाडी शिल्लक आहे. लेथवर फेसिंग मारून (तासून सपाट करून) घेऊ का?

चौदाचा_पाना
गॅरेज चालवतो, म्हणून बोलतो. फेसिंग मारल्यावरही जाडी किमान आकड्याच्या वर राहणार असेल तरच मारा. पण थरथर आली की सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा वाकलेलं काही नसतं. हबच्या, म्हणजे डिस्क ज्याच्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा पापुद्रा असतो, त्यावर डिस्क केसभर तिरकी बसते आणि फिरता फिरता एका जागी जास्त घासली जाते. नवी डिस्क घातली तरी काही महिन्यांत तेच. आधी हब वायर ब्रशने चकचकीत करा.

आणि घरी करणाऱ्यांनो, अडकलेल्या डिस्कवर हातोडा घालू नका. पुष्कळ गाड्यांच्या डिस्कला आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात 8 मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ती आपणहून सुटते. कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. आतला पॅड पत्र्याला लागलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, असं दिसलं तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना किंवा पॅडला रेटणारा पिस्टन जाम आहे. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, रबर फुगतं. दोन्ही चाकांचं एकदमच करायचं.

बार्देशकर, तुमच्या गॅरेजवाल्याने मोजून दाखवायला हवं होतं. तेवढं मान्य.

केरीवाला
पिना, नाणी, हब, सगळं झालं. पॅड इतक्या लवकर संपतात का, ते कोणी विचारलं? आमचं घर चोर्ला घाटाच्या पायथ्याला. रविवारी संध्याकाळी बेळगावहून भाजी भरून उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचा वास व्हरांड्यात येतो. सगळे न्यूट्रलवर, इंजिनाचा अडसर नाही, सगळा भार ब्रेकवर! पेट्रोल वाचवतात म्हणे.

साखळीचा_शेठ
वाचतंच. माझे वडील जन्मभर अनमोड घाट न्यूट्रलवर उतरले, कधी ओरखडा नाही. इंजिनाला विश्रांती, पेट्रोलची बचत. पुस्तकी लोकांनी घाट शिकवू नये.

म्हापशेकर
शेठ, फ्युएल इंजेक्शनची (आताची) गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिन पेट्रोल घेणंच बंद करतं. न्यूट्रलवर टाकलं की आयडलिंगला पेट्रोल लागतं. म्हणजे तुम्ही पेट्रोलही जाळता आणि पॅडही.

साखळीचा_शेठ
वडिलांची गाडी कार्बोरेटरची होती.

म्हापशेकर
मग वडिलांचं पेट्रोल वाचलं असेल, कबूल. तुमचं नाही.

साखळीचा_शेठ
वडिलांवर जायचं काम नाही हं. मी सरळ उतारावर चावीच बंद करतो, आता बोला.

चौदाचा_पाना
देवा रे. इंजिन बंद झालं की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळणं बंद. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगड. चावी पुरती मागे फिरून निघाली तर स्टिअरिंगही लॉक. त्यात ब्रेक ऑइल किती वर्षांचं? ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय आहे काय? डॉट 3 प्रकारचं ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर 140 ची हमी. तापलेल्या कॅलिपरमध्ये वाफ झाली की पेडल सरळ फरशीला. दोन वर्षांनी बदला. शेठ, तुमचं कधी बदललं?

साखळीचा_शेठ
टॉप-अप करतो वेळोवेळी.

केरीवाला
टॉप-अप! पुढच्या रविवारी निघण्याआधी फोन करा, आम्ही गुरं आत बांधतो.

बार्देशकर
शेठला एवढे लांब धडे दिलेत, त्यामुळे माझं पाप लहान दिसायला लागलं, आभारी आहे. मोजली आज. उजवी ठीक आहे. डावी किमान आकड्याच्या खाली, आणि त्याच बाजूची खालची पिन हातोड्याशिवाय हलेना. डिस्कची जोडी सांगितली आहे. पण बदलणार मीच, त्या ‘दिसतंय ना’ला एक पैसा देणार नाही. नुकतेच घातलेले पॅड परत लावले तर चालतील?

चौदाचा_पाना
जुन्या डिस्कचे चर त्यांच्यावर उमटले नसतील आणि ते सारखे झिजले असतील तर चालतील. पण पिन जाम होती म्हणता, तर डावीकडचे तिरके झिजलेले असू शकतात. तसे दिसले तर चारही बदला. नव्या डिस्कवर तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. पिस्टन मागे रेटण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा आणि ऑइल वर येतंय का ते बघत राहा, रंगावर सांडलं तर रंग उठतो. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरून पुष्कळांनी गेट तोडलंय. नंतर पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून पहाटे मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, सात-आठ वेळा, पूर्ण न थांबता.

तारवटी_मोरजी
माझ्या फेसिंगचं राहिलंच.

चौदाचा_पाना
आधी हब घासा.