माळढोक दिसत नाही म्हणून नान्नजच्या माळावर झाडं लावायची का?

उत्तर सोलापूरकर:
सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यात आता एखादा माळढोक पक्षी दिसला तरी बातमी होते. म्हणून दर पावसाळ्यात कुणीतरी म्हणतंच, एवढी जागा पडीक का ठेवायची, झाडं लावून जंगल करा. माझा ठाम विरोध आहे. हा माळ पडीक नाही. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं आणि मधेमधे उघडा मुरूम, हेच आपल्याकडचं जंगल. काळविटाला लांबवर दिसायला हवं, पळायला मोकळं हवं. लांडगा, खोकड, धाविक-चंडोलसारखे पक्षी हे सगळे याच उघड्यावरचे. पूर्वी दुष्काळी कामांत माळांवर ग्लिरिसिडिया लावली, तिच्या सावलीखाली गवत उरत नाही. खरं तर तीच काढून टाकायला हवी.

मार्डीचा शेतकरी:
तुम्ही रविवारी येऊन फोटो काढून जाता. १९७९ साली अभयारण्य केलं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात. पक्षी माळावर आणि बंधनं आमच्या सातबाऱ्यावर. जमीन विकायची म्हटली तरी अडचण. ते १,२२२ वर आणायला तीसेक वर्षं गेली. आता पक्षीच नाही, तर उरलेलं कुणासाठी राखायलाव?

उत्तर सोलापूरकर:
दादा, गावं-शेतं सरसकट आत घेतली हा अन्यायच होता, त्यावर वाद नाही. पण त्याचा राग वनखात्याच्या गवताळ माळावर काढू नका. लांडगा आणि काळवीट आजही तिथं आहेत. माळढोक कमी झाला त्याची कारणं कुंपणाच्या बाहेरही आहेत. माळ फोडून ऊस आणि बागा झाल्या. विजेच्या तारा आल्या. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडता उडता चटकन वळत नाही, आणि डोळे बाजूला असल्यानं समोरची तार त्याला नीट दिसत नाही. त्यात मादी एका विणीला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक पक्षी तारेला धडकून गेला तर तो भरून यायला किती वर्षं लागतील?

बार्शीची लेक:
मला हे पटत नाही. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही आणि तुम्ही झाडं काढा म्हणता? लहान मुलांना काय सांगायचं?

उत्तर सोलापूरकर:
ताई, झाडं हवीतच. विजापूर रोडला लावा, शाळेच्या आवारात लावा, ओढ्याकाठी लावा, मी खड्डे खणायला येतो. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. अशा वेळी मोकळी जागा दिसली की तिथं रोपं खुपसली जातात, आणि गवत कुणी मोजत नाही.

मेंढपाळाचा पोरगा:
दोघंही आमचं नाव घेईनात. मेंढरं आत सोडू देत नाहीत, आणि लांडग्यानं कोकरू नेलं की पंचनाम्यासाठी हेलपाटे. तरी लांडगा मारा असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. माळावर झाडं लावली की आधी चारा जातो आमचा. मी झाडांच्या विरोधात. पण तुमचं कुंपणही मला मान्य नाही. विणीचे महिने सोडून ठरवून चरू द्या.

मार्डीचा शेतकरी:
हे बोलला ते रास्त आहे. पण जैसलमेरात माळढोकाची पिल्लं वाढवायलेत म्हणे, ती उद्या इथं आणली तर परत आमच्यावर बंधनं?

उत्तर सोलापूरकर:
तिथं सम आणि रामदेवऱ्याच्या केंद्रांत पिल्लं वाढवतात हे खरं. इथं कधी आणलीच, तर आधी तारा जमिनीखाली घाला आणि शेतकऱ्याला पैसे द्या. माळाकडेच्या शेतात ज्वारी, करडई, हरभरा ठेवणाऱ्याला दर एकरी मोबदला मिळाला पाहिजे. ग्रामसभेत हा ठराव मांडणार असाल तर मी तुमच्या बाजूनं बोलतो. आणि मेंढपाळांनाही त्या सभेला बोलवा.

मार्डीचा शेतकरी:
मोबदला आधी, ठराव नंतर. तसं लिहून द्या, मग बोलू.