मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये प्लॅनिंग परमिशनसाठी किड्यांचा सर्व्हे मागितलाय, सीझन संपत आलाय

नमस्कार मंडळी,

यूकेत प्लॅनिंग, आर्किटेक्चर किंवा इकॉलॉजीत काम करणारं कोणी इथे असेल तर प्लीज वाचा, जरा लांबलंय.

आम्ही उत्तर केंटमधली काही मराठी कुटुंबं मिळून एक छोटा हॉल बांधायच्या खटपटीत आहोत. गणपती, मुलांचे मराठीचे वर्ग, आईवडील इकडे आले की त्यांना बसायला-बोलायला जागा, हे सगळं आत्तापर्यंत शाळांचे हॉल भाड्याने घेऊन चाललंय आणि दरवर्षी तारखांसाठी मारामारी. आता टेम्सच्या बाजूला एका जुन्या सिमेंट कारखान्याच्या आवारातला तुकडा मिळतोय, मालकाशी ऑप्शन ॲग्रीमेंट झालंय, पुढच्या वर्षीच्या शेवटापर्यंत परमिशन मिळाली तर घ्यायचा नाहीतर सोडायचा.

कौन्सिलकडे प्री-ॲप (ॲप्लिकेशनच्या आधीची सल्लामसलत) केलं तर त्यांनी लिहून दिलं की ॲप्लिकेशनसोबत इन्व्हर्टिब्रेट सर्व्हे हवा. म्हणजे मधमाश्या, गांधीलमाश्या, भुंगेरे, कोळी, गोगलगायी, सगळंच. वटवाघळांचा आणि न्यूटचा (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) सर्व्हे माहीत होता, हे पहिल्यांदाच ऐकलं.

प्राथमिक पाहणीला आलेल्या इकॉलॉजिस्ट बाईंबरोबर मी जागेवर गेले होते. आम्हाला ती ओसाड जागा वाटायची, फुटकं काँक्रीट, खडूची पांढरी माती, मध्ये मध्ये रानगाजर आणि निळी फुलं. दक्षिणेकडे तोंड असलेला एक मातीचा उतार आहे, तिथे बाई गुडघ्यावर बसल्या आणि मला बोलावलं. पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं, शेकड्याने, आणि प्रत्येकापाशी भुकटीसारखी माती. थोडं थांबल्यावर एकेका भोकात पायांना पिवळा पराग लागलेल्या माश्या शिरताना दिसल्या. पोळं नाही, राणी नाही, प्रत्येक मादी आपलं घर आपण खणते. खरं सांगते, तेव्हापासून त्या उतारावर कार पार्क करायचा विचारच मला सहन होत नाही.

पण कमिटीत तीन तोंडं तीन दिशांना. एक काका म्हणतात हिवाळ्यात जेसीबी लावून साफ करून घेऊ, मग सर्व्हेला काही उरणारच नाही. दुसरे म्हणतात बीएनजीची (बायोडायव्हर्सिटी नेट गेन, म्हणजे बांधकामाने निसर्गाचं जेवढं नुकसान होईल त्याहून जास्त भरून द्यायचा नियम) युनिटं दुसरीकडून विकत घेऊ, विषय संपला. तिसरे म्हणतात परमिशन आधी घेऊ आणि सर्व्हे कंडिशनमध्ये, म्हणजे परमिशननंतर पूर्ण करायच्या अटींत, टाकायला सांगू. ह्यातलं काय चालतं? आणि आत्ता ऑगस्ट संपतोय, सर्व्हे एप्रिलशिवाय सुरूच होत नाही का? माहितगारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद: खाडीकाठ

ताई, काकांना आधी थांबवा. 30 जानेवारी 2020 नंतर परवानगीशिवाय जागा साफ करून तिचं निसर्गमूल्य घटवलं असेल तर बीएनजीत साफसफाईच्या आधीची अवस्थाच धरतात. म्हणजे जेसीबीचे पैसे जातील, माश्याही जातील, आणि हिशोब तोच राहील. शिवाय जुने एरियल फोटो कौन्सिलला सहज बघता येतात.

प्रतिसाद: रानवेडा_एसेक्स

मी ह्याच कामात आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

कायद्याने थेट संरक्षण असलेले किडे इथे मोजकेच, 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टच्या यादीतले. पण 2006 च्या निसर्गविषयक कायद्याच्या (एनईआरसी ॲक्ट) सेक्शन 41 च्या यादीत शेकडो प्रजाती आहेत आणि निर्णय देताना कौन्सिलला त्यांचा विचार करावा लागतो. तुम्ही वर्णन केलीत तसली जागा, म्हणजे उघडी माती, फुलं, झुडपं आणि काँक्रीट असं मिश्रण, ती स्वतःच त्या यादीत अधिवास म्हणून आहे, ओपन मोझेक हॅबिटॅट म्हणतात. टेम्सच्या मुखाशी तर ह्याचा इतिहासच आहे. एसेक्समधलं कॅन्व्ही विक, जिथे तेल रिफायनरी होणार होती, ते 2005 मध्ये संरक्षित झालं. तुमच्या केंटमधलं स्वान्सकोम्ब 2021 मध्ये झालं, तिथे एक उड्या मारणारा छोटा कोळी आहे जो ब्रिटनमध्ये फक्त दोन जागी सापडलाय, आणि तिथल्या थीम पार्कचं ॲप्लिकेशन 2022 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे कौन्सिल उगाच अडवत नाहीये.

युनिटांचं म्हणाल तर बीएनजीचा मेट्रिक (युनिटं मोजायचं सूत्र) अधिवास मोजतो, किडे नाही, सर्व्हेची मागणी त्याने टळत नाही. ओपन मोझेक हा वरच्या दर्जाचा अधिवास, भरपाई त्याच प्रकारच्या अधिवासाने करावी लागते, आणि 10 टक्के वाढ 30 वर्षं सांभाळायची. आधी जागेवरच जेवढं वाचेल तेवढं वाचवा. कंडिशनवर तर विसंबूच नका, जागेवर काय आहे हे कळल्याशिवाय इमारत कुठे बसवायची हेच ठरत नाही आणि ते परमिशननंतर बदलायचं कसं?

आता वेळेचं. सीझन ढोबळमानाने एप्रिल ते सप्टेंबर. एकच फेरी पुरत नाही कारण एप्रिलमधली माशी जुलैत नसते. पण सप्टेंबर अजून आहे, एक फेरी आत्ताच करून घ्या, आयव्हीच्या (शरदात फुलणारी वेल) फुलांवरचे उशिराचे किडे मिळतील, बाकीच्या एप्रिलपासून जुलैपर्यंत. किडे पकडायला पिवळे वाडगे ठेवतात, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून, म्हणजे किडा वर तरंगत नाही. जमिनीत कप पुरतात, जाळीने गवत झोडपतात. खरा वेळ जातो तो नंतर, मायक्रोस्कोपखाली एकेक ओळखण्यात, त्यामुळे कोटेशन मागताना ओळख पटवणं आणि रिपोर्ट धरलंय ना ते विचारा. मधमाश्या-गांधीलमाश्या, भुंगेरे आणि कोळी ह्यांचे जाणकार बहुधा वेगवेगळे असतात. कामाची व्याप्ती कौन्सिलच्या इकॉलॉजिस्टकडून ईमेलवर मान्य करून घ्या, नाहीतर जुलैत म्हणतील हे राहिलं. रिपोर्ट साधारण दीड वर्ष चालतो.

आणि आर्किटेक्टला आजच सांगा की तो उतार नकाशात हात न लावण्याची जागा म्हणून रंगवा. त्याच्यावर सावली पडेल अशी भिंतही नको, त्या माश्यांना ऊन लागतं.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! कालच्या मीटिंगमध्ये हे जसंच्या तसं वाचून दाखवलं, साफसफाईचा विषय बंद झाला आणि सप्टेंबरच्या फेरीसाठी बाईंना ईमेल गेलाय. पार्किंग गेटजवळच्या सलग काँक्रीटवर हलवायचं म्हणतोय. फक्त तिथून आजी-आजोबांना हॉलपर्यंत चढ पडतो, रॅम्प त्या उताराच्या वरच्या कडेने नेला तर भोकांना धक्का लागेल का? किती अंतर सोडावं? स्केच उद्या टाकते, रानवेडा तुम्ही एकदा नजर टाकाल का?