केजच्या रानात निघालेला हातभर वाळा: हा चंचू वाळा का?

बालाघाटकर: राम राम मंडळी. आमचं रान केज तालुक्यात, माळावर. परवा पाइपलाइनचा चर खोदताना, काळी माती संपून मुरूम लागतो तिथं, दोन हात खाली एक वाळा, म्हणजे मातीत राहणारा गांडुळासारखा साप, निघाला. गडी म्हणाला, "दानवं हाय, मारा, कानात शिरतंय." मी मारू दिलं नाही. दोरा लावून मोजला, 41 सेंमी भरला. पावसाळ्यात न्हाणीत निघणारा वाळा मी लहानपणापासून बघतोय. तो वीतभर, काळसर, बुटाच्या लेसएवढा. हा करंगळीएवढा जाड, पाठ तपकिरी, पोट फिकं, अन् तोंड पोपटाच्या चोचीवानी खाली वळलेलं. पुस्तकात चंचू वाळ्याचं ठिकाण नुसतं 'द्वीपकल्पीय भारत' एवढंच दिलंय. आमच्या बीडच्या नोंदीचा कुणाला उपयोग होईल का?

रेगडमाती, परभणी: चोचीला धार असेल तर चंचू वाळाच, शास्त्रीय नाव ग्रायपोटिफ्लॉप्स अक्यूटस. न्हाणीतल्या वाळ्याच्या अंगाभोवती खवल्यांच्या 20 रांगा असतात आणि त्यात सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी फळतात. कुंडीतल्या मातीतून एकटी मादी गेली तरी वंश लागतो, म्हणून तो जगभर पोचला. चंचू वाळा मात्र फक्त भारतातला. दूमेरिल आणि बिब्रॉन या फ्रेंच अभ्यासकांनी 1844 साली त्याला नाव दिलं, 1881 मध्ये पीटर्स या जर्मन अभ्यासकानं त्याच्यासाठी वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली. मधली कित्येक वर्षं त्याला आफ्रिकेतल्या वाळ्यांच्या प्रजातीत टाकलं होतं. आता परत आपल्या प्रजातीत आलाय, तिथं तो एकटाच.

उपयोग म्हणाल तर फार आहे. अभ्यासकांना या सापाचं नव्यानं वर्णन करायचं म्हणजे ठिकठिकाणच्या सापांच्या खवल्यांच्या रांगा, शेपटी, नाकपुडीजवळच्या खवल्यातली शिवण ताडून बघायची. मगच कळतं, सगळीकडं ही एकच जाती आहे की दोन. सह्याद्रीकडं हिंडणारे पुष्कळ, आपल्या माळावर कोण येतं? तुम्हीच हवेत.

निलंग्याची ताई: दादा, जपून ठेवायचं म्हणून स्पिरिटच्या बाटलीत घालू नका. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय साप ठेवता येत नाही. फोटो काढा: डोकं वरून, बाजूनं आणि खालून, शेपटीचं टोक, शेजारी पट्टी. तारीख, खोली, माती, जागेचे अक्षांश-रेखांश लिहा. मग तिथल्याच ओल्या मातीत सोडा. मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खाऊन जगतो बिचारा, विष नाही. कानात शिरायचं खूळ आमच्याकडंही आहे, त्यापायी किती मेले असतील.

बालाघाटकर: ताई, फोटो काढले, फक्त चोचीचा खालून राहिला. त्याच बांधाच्या कडेला सोडला, मिनिटभरात मातीत गेला. रेगडमाती, मोबाइलवर रांगा काही मोजता येईनात, फोटो टाकतो, तुम्ही बघा. चराचं चाळीसेक फूट काम राहिलंय. जेसीबीवाल्याला नको म्हणालो, ते कुदळीनंच उकरणार आहोत.